काच पुसणारीला बोल लावण्यापूर्वी

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस घराघरांतून एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अगं, काच पुसलीस की नुसतं फडकं फिरवलंस?" कधी ते कामाच्या मावशींना उद्देशून असतं, कधी सुनेला, कधी लेकीला. गाडीची काच असेल तर गाडी धुणाऱ्या पोराला. बोलणारी व्यक्ती बहुधा खुर्चीत बसलेली असते आणि हातात चहाचा कप असतो! काचेवर पांढरे ठिपके दिसत असतात हे खरं. पण ते ठिपके म्हणजे पुसणारीचा आळस, असा जो निवाडा तिथल्या तिथे दिला जातो तो साफ चुकीचा आहे. आज मला या निवाड्याविरुद्ध भांडायचं आहे.

माझे वाचक म्हणजे निम्मे ब्लॉगवाले मित्रमैत्रिणी आणि निम्मे आमचेच पै-पाहुणे. त्यामुळे पुढचं काही जणांना टोचेल. टोचू दे! जन्मभर वर्गात मोठ्याने बोलायची सवय, ती निवृत्तीनंतर थोडीच जाते?

तर पहिला प्रश्न. हा डाग मुळात आहे तरी कशाचा?

आपण धरून चालतो की डाग म्हणजे मळ आणि मळ म्हणजे घासला की जाणारी वस्तू. मग हा घासून का जात नाही? कारण हा दगड आहे. अगदी शब्दशः दगड. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं तेव्हा मातीतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं, आणि ज्या मातीतून, खडकातून ते वाट काढतं तिथलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आपल्याबरोबर घेऊन येतं. आपला दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बसाल्ट, त्यात कॅल्शियमला तोटा नाही. काळ्या रानात नांगरट करताना चुनखडीचे पांढरे खडे वर येतात ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्यांनी पाहिले असतीलच. तोच चुना पाण्यात विरघळलेला असतो तोवर डोळ्यांना दिसत नाही. बोअरचं पाणी वर येतं, आपण ते काचेवर मारतो, ऊन लागतं, पाणी उडून जातं आणि चुना मागे राहतो. थेंब वाळताना तो कडेला जास्त साठतो, म्हणून डाग बांगडीसारखा गोल दिसतो.

शाळेच्या विज्ञानात याला 'दुष्फेन पाणी' म्हणतात. मी मराठी आणि इतिहासाची बाई. पण शेजारच्या वर्गात विज्ञानाचे सर दोन बाटल्या घेऊन यायचे, एकीत पावसाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत साबणाचा तेवढाच कीस टाकायचा आणि हलवायचं. पावसाच्या पाण्याच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत! दुसरीत नुसतं गढूळ, दह्यासारखं काहीतरी. पोरं टाळ्या वाजवायची. हा प्रयोग मार्कांसाठी सगळ्यांनी पाठ केला आणि त्यातलीच पोरं आज मोठी होऊन बायकोला विचारतात, "काच नीट का पुसत नाहीस?"

आता थोडा हिशेब करू. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, आय.एस. १०५००, सन २०१२ चं. त्यात पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह मानला आहे, आणि दुसरं पाणी उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतलं आहे. म्हणजे ६०० वालं पाणीसुद्धा मानकाच्या मर्यादेत बसतं. पंधरा लिटरची एक बादली घ्या. त्यात झाले ९ ग्रॅम. भुकटी करून ठेवली तर दोन-तीन चमचे सहज भरतील. ही बादली तुम्ही काचेवर ओतता आणि उन्हात वाळू देता. मग काच पांढरी झाली की विचारता, "हे काय?" अहो, हे तुम्हीच ओतलेलं आहे!

एक गंमत सांगते. घरात इन्व्हर्टर असला की त्याच्या बॅटरीत घालायला आपण पैसे मोजून डिस्टिल्ड वॉटर आणतो. नळाचं पाणी घालू म्हटलं तर घरातले पुरुष अंगावर येतात, "प्लेटा खराब होतील, क्षार बसतील!" गिझरच्या कॉइलवर पांढरं पुट चढलं की आपण मेकॅनिकला बोलावतो आणि तो म्हणतो, "काकू, तुमचं पाणी जड आहे." त्यावर आपण मान डोलावतो. कॉइलला कुणी आळशी म्हणत नाही. तेच पाणी, तोच चुना. पण काचेवर दिसला की पाण्याची चूक पुसणारीची होते. बॅटरीला जो न्याय मिळतो तो माणसाला का मिळू नये?

याचं उत्तर मला वाटतं पाण्यात नाही, आपल्या मनात आहे. जे काम आपण स्वतः करत नाही ते आपल्याला सोपं वाटतं.

आमच्या लहानपणी घरात काच होतीच किती? देवाच्या आणि वाडवडिलांच्या तसबिरी, एखादा आरसा, आणि कंदिलाची काच. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील नव्या पिढीला सांगूनही कळणार नाही. कऱ्हाडजवळ १९१६ साली ओगले बंधूंनी काचेचा कारखाना काढला, आणि त्याच्याही आधी, १९०८ साली, तळेगावला लोकांकडून एकेक पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. इतिहास शिकवताना मी हे आवर्जून सांगायची. स्वदेशीच्या त्या काळात काच बनवणं ही देशसेवा मानली जायची. रोज संध्याकाळी ती काच पुसणं हे मात्र घरातल्या मुलींचं काम! चिमूटभर चाळलेली राख, मऊ सुती चिंधी, आणि काच उतरवताना आईचं "सांभाळ गं". काजळी तेलकट असते आणि लाकडाच्या राखेत खार असतो, त्यामुळे ती सुटायची. पाण्याचा डाग तिथे पडायचाच नाही, कारण काच कोरडीच पुसायची.

आता बघा. खिडक्या लाकडी झडपांच्या होत्या त्या गेल्या आणि सरकत्या काचेच्या आल्या. बाल्कनीला काच, जिन्याला काच, जेवणाच्या टेबलाला काच, पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये तर न्हाणीघरातसुद्धा काचेची भिंत! दारात गाडी, तिला सहा काचा. पूर्वी घरात पुसायची काच कंदिलाएवढी होती, आता ती भिंतीएवढी झाली आणि पुसणारे हात तेवढेच राहिले, बहुतेक ठिकाणी एकाच बाईचे. काच बसवताना कुणी विचारलं का, की ही पुसणार कोण आणि कशाने? बांधणारा विचारत नाही, विकणारा तर मुळीच नाही. पैसे देणाऱ्या यजमानांनीही विचारलेलं मी ऐकलं नाही.

आता तुमचे आक्षेप एकेक घेते.

"आम्ही चांगला स्प्रे आणून देतो की!" असं काही सूनबाई सांगतात. तो निळा स्प्रे वाईट नाही. त्यात बहुतांश पाणी, थोडा अल्कोहोलसारखा द्रव आणि थोडं साबणासारखं द्रव्य असतं. काहींत अमोनियाही असतो. बोटांचे ठसे, स्वयंपाकघरातली तेलकट वाफ यांवर तो छान चालतो. पण चुना त्याने विरघळत नाही, कारण चुन्याला आम्ल लागतं. त्यामुळे ती बिचारी अर्धी बाटली संपवते, काच ओली असताना डाग दिसेनासे होतात, आणि वाळली की पुन्हा हजर! मग तिच्यावर दुसरा आरोप, "बाटली लगेच कशी संपली?"

"जोर लावून घासलं की जातं." नाही जात. जातो तो काचेचा गुळगुळीतपणा. रस्त्याच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि वाळूचा कण काचेपेक्षा कठीण असतो. कोरड्या फडक्याने धूळ दाबून घासली की काचेवर बारीक ओरखडे उठतात, आणि ते कोणत्याही औषधाने पुसले जात नाहीत. भांड्यांची तारेची घासणी तर काचेच्या वाऱ्यालाही उभी करू नये.

"संडासचं ॲसिड टाकलं की एका मिनिटात चकाचक!" हा सल्ला देणाऱ्याला मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. त्या आम्लाने चुना जातो, हे खरं. पण ते पुसणारीच्या बोटांवर, डोळ्यांत, श्वासात जातं त्याचं काय? वर तेच फडकं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलं तर क्लोरीन वायू सुटतो, म्हणजे बंद न्हाणीघरात जिवाशी गाठ. ॲसिड हल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ॲसिडच्या खुल्या विक्रीवर बंधनं घातली. विकणाऱ्याने नोंद ठेवायची, घेणाऱ्याने ओळखपत्र दाखवायचं. ज्या वस्तूसाठी न्यायालयाला एवढं बोलावं लागलं ती आपण हातमोज्यांशिवाय एका बाईच्या हातात देतो, आणि कशासाठी? तर पाहुण्यांना खिडकी चमकताना दिसावी म्हणून!

"आम्ही आर.ओ.चं वाया जाणारं पाणी गाडी धुवायला वापरतो, पर्यावरण!" हा सर्वांत सुशिक्षित आक्षेप. पाणी वाया घालवू नये ही भावना चांगलीच आहे. पण आर.ओ.चं यंत्र शुद्ध पाणी एकीकडे काढतं आणि मागे राहिलेले क्षार दुसऱ्या नळीने बाहेर टाकतं. म्हणजे ते टाकाऊ पाणी मुळातल्या पाण्याहून अधिक जड असतं. त्याने संडास धुवा, अंगण धुवा, गाडीची चाकंही धुवा. काचेवर मारलंत तर डाग दुप्पट जोमाने येतील आणि पुन्हा बोल खाणार कोण? पुसणारी.

मग करायचं काय? वर्गात नुसत्या चुका काढून तास संपवला तर ती शिकवणी नव्हे, म्हणून सांगते.

क्रम महत्त्वाचा. आधी धूळ, मग तेलकटपणा, मग चुना, आणि शेवटी कोरडं करणं. धूळ भरपूर पाण्याने नुसती वाहून जाऊ द्यावी, घासू नये. मग बादलीभर पाण्यात भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन-चार थेंब टाकून मऊ फडक्याने पुसावं. आपल्या उसाच्या पट्ट्यात शेतात पाचट पेटवलं की हवेत काळं उडत असतं, ती काजळी नुसत्या पाण्याने सरकत नाही, साबण लागतोच. हे झाल्यावर जे पांढरं उरतं तो चुना. त्यावर साधं पांढरं व्हिनेगर, तेवढंच पाणी मिसळून. किंवा किराणा दुकानात लिंबूफूल मिळतं ते चमचाभर पेलाभर पाण्यात. काही नसेल तर लिंबाची फोड. फडकं त्यात भिजवून डागावर चिकटवून ठेवायचं आणि दहा मिनिटं दुसरं काम करायचं. आम्ल आपलं काम करतं, माणसाने दम धरायचा! मग हलक्या हाताने पुसून साध्या पाण्याने धुवायचं आणि लगेच, म्हणजे खरोखर लगेच, जुन्या सुती धोतराच्या किंवा लुगड्याच्या फडक्याने कोरडं करायचं. थेंब काचेवर वाळू दिला नाही तर डाग पडेलच कुठून?

एक इशारा. व्हिनेगर आणि लिंबू चुन्याला खातं, आणि संगमरवर, कडप्पा, शहाबादी, कोटा हे सगळे चुन्याच्याच घराण्यातले दगड. खिडकीची चौकट कडप्प्याची असेल तर व्हिनेगरचा ओघळ त्यावर जाऊ देऊ नका, चकाकी कायमची जाते. खाली जुना टॉवेल लावावा. (हे न सांगता काम दिलं आणि चौकट खराब झाली, तर दोष कुणाचा, हे आता मी लिहायला नको.)

शेवटचं धुणं पावसाच्या पाण्याने केलं तर उत्तमच. आमच्याकडे जून ते सप्टेंबर पन्हाळीखाली पिंप ठेवलं की भरायला वेळ लागत नाही. पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्यायचं, छपराची घाण असते. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही वाफेचं झालेलं असतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. नदीचं पाणीही बोअरपेक्षा साधारणपणे हलकं. सह्याद्रीत पडलेला पाऊस पाटगावच्या धरणात साठून वेदगंगेतून आपल्यापर्यंत येतो, तो बोअरच्या पाण्याइतका खडकात मुरलेला नसतो. पण नळाचं पाणी ठरलेल्या वेळी आणि बोअर बटण दाबलं की चालू, म्हणून काच धुवायला बोअरच लावला जातो. फुकट मिळतं त्याची किंमत अशी काचेवर मोजावी लागते.

आणि हेही मान्य करा, की काही डाग कशानेच जात नाहीत. काच आपल्याला अमर वाटते, पण ओलावा फार काळ चिकटून राहिला तर पाणी काचेतला सोडियम ओढून घेतं, वरचा थर खार होतो आणि काच आतून कुरतडली जाते. बांधकामाच्या वेळी उडालेला ओला सिमेंट, भिंतीवरून ओघळलेला चुना, हेही तसंच करतात. पाण्यातून आलेली सिलिका बसली असेल तर ती व्हिनेगरला दाद देत नाही. अशा काचेला कारागिराकडून सेरियम ऑक्साइडची पॉलिश लागते, तीही लागू पडेलच असं नाही. ते बाईच्या हातात नाही. गवंडी गेल्यावर त्याच दिवशी काच धुऊन घेतली असती तर डाग राहिला नसता. आणि त्या दिवशी ती बाई तुमच्या घरी कामाला लागलेलीसुद्धा नव्हती!

आता गाडीकडे येते, कारण तिथे प्रश्न नुसत्या शोभेचा नाही.

रविवारी भर दुपारी बारा वाजता, तापलेल्या गाडीवर बोअरची नळी सोडायची, ही आपल्याकडची लाडकी पद्धत. पत्रा आणि काच इतकी तापलेली असते की पाणी पुसायच्या आत वाळतं. धुणारा पोरगा एका बाजूने पुसत येईपर्यंत दुसरी बाजू पांढरी. गाडी सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, सावलीत, एकेक बाजू धुऊन पुसत जावी. पण धुणाऱ्याला वेळ आपण देतो का? चारचाकीला अर्धा तासही न देता वर "काचेवर डाग ठेवलेस" म्हणून दहा रुपये कमी हातावर ठेवणारे यजमान मी पाहिले आहेत.

आणि पुढच्या काचेवरचा हा थर रात्री काय करतो ते ज्यांनी निपाणी-मुरगूड-मुदाळतिट्टा रस्त्यावर ऊस हंगामात गाडी चालवली आहे त्यांना विचारा. समोरून येणाऱ्या गाडीचा झोत काचेवर पडला की प्रत्येक ठिपका पेटतो. काच दुधासारखी होते. आणि त्याच वेळी पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे लाल दिवा असेल तर नशीब! केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे, त्यात पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश पार व्हायला हवा असं म्हटलं आहे. ते काच बनवणाऱ्यासाठी आणि काळ्या काचा लावणाऱ्यांसाठी. पण ७० टक्क्यांच्या काचेवर वर्षभराचं पुट चढवून आपण स्वतःच तिला आंधळी करतो, त्याला कोणता नियम? ही काच चालवणाऱ्यानेच रोज बघायची आहे. आतल्या बाजूने जो धुरकट तेलकट पापुद्रा चढतो तोही साबणाच्या ओल्या फडक्याने पुसावा, आणि वायपरचं रबर बोटाने पुसून बघावं. हे काम दुसऱ्यावर सोपवून त्याला बोल लावायचं नाही, कारण रात्री त्या काचेतून बघायचं आहे ते तुम्हाला.

आता सर्वांत महत्त्वाचं.

मोठ्या शहरांतल्या आमच्या पाहुण्यांच्या घरी गेले की खिडकीच्या बाहेरून काच पुसण्याचा प्रकार बघून माझ्या पोटात गोळा येतो. चौथ्या मजल्यावर, वीतभर रुंदीच्या कट्ट्यावर एक पाय ठेवून, एका हाताने चौकट धरून बाई बाहेरची बाजू पुसते. साडीचा पदर खोचलेला, पायात ओली स्लीपर. आणि आतून आवाज येतो, "तो वरचा कोपरा राहिला बघा, मावशी." हा वरचा कोपरा कुणाच्या जिवापेक्षा मोलाचा?

सिंगापूरला असलेल्या आपल्या मंडळींना ठाऊक असेल. तिथे घरकामाला आलेल्या बाया खिडक्या पुसताना उंचावरून पडून दगावल्या, तेव्हा तिथल्या सरकारने २०१२ साली नियम केला: खिडकीला जाळी असल्याशिवाय आणि घरातलं मोठं माणूस समोर उभं असल्याशिवाय बाहेरची काच पुसायला लावायची नाही. हाँगकाँगने २०१७ पासून घरकामगारांच्या करारातच तसं कलम घातलं. आपल्याकडे महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला, म्हणजे ही माणसं कामगार आहेत हे कागदावर मान्य झालं. पण खिडकीच्या कट्ट्यावर उभं राहायला "नाही" म्हणायची हिंमत कागद देत नाही. ती द्यायची असते मालकिणीने. "मावशी, बाहेरची बाजू राहू दे" हे वाक्य म्हणायला किती खर्च येतो?

कुणी म्हणेल, "बाई, आम्ही पगार देतो, कामही नको का सांगायला?" सांगा की! काम जरूर सांगा. पण कामाबरोबर योग्य पाणी, योग्य औषध, हातमोजे, लांब दांड्याचा रबरी वायपर आणि पुरेसा वेळ द्या. यातलं काही न देता निकाल मात्र आरशासारखा मागायचा, हे म्हणजे पाटी-पेन्सिल न देता पोराला परीक्षेला बसवून नापास करणं झालं. असं करणाऱ्या शिक्षकाला तुम्ही काय म्हणाल?

आणि घरातल्या घरात हाच न्याय सुनेला, लेकीला लावा. पुसणारी पगारी नसली की तिला सुट्टीही नसते आणि तिची बाजू घ्यायला मंडळही नसतं.

तेव्हा या दिवाळीला माझं एवढंच मागणं आहे. काचेवर डाग दिसला की प्रथम पाण्याकडे बघा, मग घड्याळाकडे बघा की ऊन किती आहे, आणि पुसणारीकडे बघायचं झालंच तर तिच्या बोटांकडे बघा, साबणाने आणि ॲसिडने काय दशा झाली आहे ती. लिंबूफुलाची पुडी आणून द्या. जमलं तर एक खिडकी स्वतः पुसा, घरातल्या पुरुषांनी तर नक्कीच. दहा मिनिटं फडकं चिकटवून दम धरा. आणि एवढं करूनही कोपऱ्यात एखादा पांढरा ठिपका राहिलाच, तर राहू दे. त्यातून बाहेरचं आभाळ दिसतंच की!

तुमच्याकडचं पाणी कसं आहे, आणि तुमच्या घरी काच कोण पुसतं, ते मला जरूर कळवा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं द्यायचं बरं का, बाई तपासणार आहेत.